नौकेचा सांधा : लाकडापासून ॲल्युमिनियमपर्यंत

आरमाराच्या इतिहासात किल्ल्यांची नावे येतात, सरदारांची येतात, लढायांच्या तारखा येतात. नौका बांधली कशी जात असे आणि ती कोठे दगा देत असे, हे मात्र क्वचितच शिकविले जाते. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे ही बंदरे ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे तरी हा विषय परका मानण्याचे कारण नाही. आपल्या काही माजी विद्यार्थ्यांचे घर समुद्रावर चालते, तर काहींचे वेल्डिंगच्या कामावर. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही नौकेच्या पाण्याखालील अंगाचा आणि त्याच्या बांधणीतील दोषांचा विचार केला आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार केलेला आहे. साग रानातून परवानगीने तोडावा. आंबा, फणस ही झाडेही उपयोगी, परंतु रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. अगदी जीर्ण झालेले झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. गुणवत्तेचा विचार असा झाडापासूनच सुरू होतो. तथापि उत्तम लाकूड म्हणजे उत्तम नौका नव्हे. सुरत आणि मुंबईच्या गोद्यांत फळीच्या कडेला खाच पाडून तीत दुसऱ्या फळीची कड घट्ट बसवीत आणि मध्ये राळ लावलेला कापूस दाबीत. याच परंपरेतील जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. वाडियांची तैलचित्रे आहेत. करवत ओढणाऱ्यांची आणि कापूस ठासणाऱ्यांची नावे इतिहासग्रंथांत आढळत नाहीत. वास्तविक त्या सांध्यांचे श्रेय त्यांच्या हातांचेही आहे.

लाकडाचा मोठा वैरी म्हणजे ते आतून पोखरणारा समुद्रकिडा. त्याला आवर घालण्यासाठी १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा किडा लागलेला नव्हता. परंतु तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे पार झिजले होते. पत्रा गुंडाळून आलेला कागद जेथे चुकून मध्येच राहिला होता, तेथील लोखंड मात्र शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना भिडले की त्यांच्यात विजेचा प्रवाह सुरू होतो आणि एक धातू दुसऱ्यापायी झिजतो, हा धडा त्या कागदाच्या तुकड्याने दिला.

आता लाकडाची जागा मुख्यत्वे फायबरने घेतली आहे. त्याचे दोष, म्हणजे थरांत अडकलेली हवा, पुरती न सुकलेली राळ, पुढे उठणारे फोड, आपले नौकामालक ओळखतात. ॲल्युमिनियमची मासेमारी नौका आपल्याकडे अद्याप विरळा आहे; नॉर्वे, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे ती रुळली. आपल्या तटरक्षक दलाच्या कित्येक वेगवान गस्ती नौका मात्र याच धातूच्या आहेत. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, त्यामुळे डिझेल वाचते. शिवाय पृष्ठभागावर आपोआप धरणारा ऑक्साइडचा पातळ थर गंजापासून रक्षण करतो.

परंतु हाच थर जोडकामात आड येतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर हा थर २,००० अंशांपलीकडे. तो घासून न काढता वेल्डिंग केले, तर वरून टाका सुबक दिसतो आणि आत धातू जुळलेलाच नसतो. दुसरे असे की, वितळलेले ॲल्युमिनियम ओल, तेल वा ग्रीस यांतील हायड्रोजन शोषून घेते आणि थिजताना त्याचे बुडबुडे सांध्यात कोंडले जातात. आरगॉन वायूचे आवरण वाऱ्याने विस्कटले तरी सांधा सच्छिद्र होतो. कोकणच्या पावसाळी हवेत उघड्यावर हे काम करणे म्हणजे दोष विकत घेणेच होय. उष्णतेने सांध्यालगतची पट्टीही मऊ पडते. ‘६०६१’ या मिश्रधातूची ताकद तेथे जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, म्हणून तळासाठी सुमारे साडेचार टक्के मॅग्नेशियम असलेला ‘५०८३’ पसंत करतात. पत्रा कोणत्या जातीचा, हे कागदावर मागून घ्यावे; नुसता चकचकीतपणा भांड्याच्या पत्र्यालाही असतो. इंजिनाच्या बैठकीशी, जेथे थरथर अखंड चालते, तेथे बारीक तडा प्रथम जन्मतो व हळूहळू वाढत जातो.

‘अलार्म’ची कथा येथे पुन्हा घडते, फक्त बळी बदलतो. पितळेचा नळ वा तांब्याचा अंश असलेला रंग ॲल्युमिनियमला भिडला, की झिजते ते ॲल्युमिनियम. ब्रिटिशांच्या कागदाचे काम आता रबर वा प्लॅस्टिकच्या चकत्यांनी करावयाचे असते. बॅटरीची तार सैलपणे अंगाला जोडणे हेही तितकेच घातक.

नौका मालकाची असते, पुष्कळदा कर्जाची. तळाच्या फळीवर किंवा पत्र्यावर जीव मात्र तांडेल व खलाशी यांचा असतो. रत्नागिरीच्या नौकांवर तर नेपाळहून आलेले मजूरही आहेत. नौका घेतेवेळी सांधा तपासण्याचा हक्क त्यांना कोणी विचारीत नाही, ही गोष्ट आम्हांस तांत्रिक दोषाहून लहान वाटत नाही. यांत बदल करणे अवघड नाही, कारण सर्वांत उपयुक्त चाचणीला यंत्र लागत नाही. सांध्याच्या बाहेरील बाजूस चुन्याचा वा खडूचा पातळ लेप द्यावा, तो सुकू द्यावा आणि आतून सांध्यावर रॉकेल फिरवावे. काही तासांत लेपावर काळपट डाग उमटला, तर तेथे आरपार छिद्र आहे. आरपार न गेलेल्या तड्यांसाठी रंगद्रव्याची चाचणी जाणकाराकडून करून घ्यावी लागते. डाग आढळल्यास वरून आणखी एक टाका मारून भागत नाही. तो भाग कोरून, स्वच्छ करून पुन्हा जोडावा लागतो, आणि तोही कोरड्या, बंदिस्त शेडमध्ये. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात हे काम उरकत नाही, म्हणून नौका वर ओढल्यावर झापांनी शाकारण्याआधीच चुन्याचा डबा व रॉकेलची बाटली काढावी, आणि त्या वेळी खलाशांनाही जवळ उभे करावे.