चालायला सांगतो, पण वाट कुठे आहे?

या सदरातून मी आजवर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी या विषयांवर अनेकदा लिहिले. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी 'रोज अर्धा तास भरभर चाला' हे वाक्य असतेच. आज त्या वाक्याबद्दलच लिहायचे आहे. ते लिहिताना माझे काहीतरी चुकत होते, हे एका पेशंटने मला दाखवून दिले.

हे गृहस्थ निवृत्त शिक्षक, वय ६४. साखर वाढलेली निघाली, म्हणून मी गोळी सुरू केली आणि नेहमीप्रमाणे पहाटे फिरायला जाण्यास सांगितले. गुरुजी शिस्तीचे. चार महिन्यांत वजन ५ किलोने उतरले, साखरही आटोक्यात आली. पण आपल्या गावात फिरायला जायचे म्हणजे हमरस्त्याच्या कडेने. एका पहाटे मागून आलेल्या मोटारसायकलचा धक्का लागून ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशननंतर मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "डॉक्टर, औषध बरोबर होते हो. पण ते घ्यायला जागा नव्हती."

तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला 'चालता का?' याबरोबरच 'कुठे चालता?' असेही विचारू लागलो. उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. कोणी गच्चीवर फेऱ्या मारतात, कोणी घरातल्या घरात. बायका म्हणतात, अंधारात एकटीने जायला भीती वाटते आणि उजाडल्यावर घरची कामे असतात. कोणाला कुत्र्यांची भीती, कोणाला ट्रकची. म्हणजे दोष नेहमीच आळसाचा नसतो, तो बऱ्याचदा वाटेचा असतो.

चालणे हे औषधच आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. भरभर चालणे यात येते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय लोकांवर चेन्नईत एक अभ्यास झाला व तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहार आणि व्यायाम यांत बदल केलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनच्या गोळीचा फायदाही जवळजवळ तेवढाच, २६ टक्के होता. मात्र गोळीप्रमाणेच हे औषधही नियमित घ्यावे लागते. त्यासाठी बारमाही, सुरक्षित आणि घराजवळची वाट हवी.

सिंगापूरने काय केले?

काही वर्षांपूर्वी मुलीकडे सिंगापूरला राहण्याचा योग आला. तिच्या इमारतीमागे सिमेंटने बांधलेला मोठा नाला होता आणि नाल्याच्या कडेने झाडांखालून एक वाट जात होती. पहिल्या दिवशी मी सहज निघालो आणि तासाभराने एका मोठ्या बागेत पोहोचलो. वाटेत आजीआजोबा, शाळेची मुले, सायकलवाले सगळे भेटले. कुठून आली ही वाट, याची मी चौकशी केली.

सिंगापूर हा लहानसा बेट-देश, तेथे जमीन सोन्याच्या भावाची. नव्या मोठ्या बागांसाठी जागा काढणे अवघड. म्हणून असलेल्या बागाच एकमेकींना जोडाव्यात अशी कल्पना निघाली आणि १९९१ साली तिला मान्यता मिळाली. या जोडवाटांना तेथे 'पार्क कनेक्टर' म्हणतात. आरंभीची वाट कलांग नदीच्या काठाने, बिशान येथील बागेपासून नदीच्या मुखाकडील बागेपर्यंत आखली गेली.

यातली खरी युक्ती जमिनीची आहे. नाल्याच्या देखभालीसाठी दोन्ही काठांना जागा राखून ठेवलेली असते. मोठ्या रस्त्यांच्या कडेलाही अशी पट्टी असते. तिच्यावर इमारत बांधता येत नाही आणि एरवी तिचा उपयोगही होत नाही. सिंगापूरने याच पट्ट्या वापरल्या. साधारण ६ मीटर रुंदी धरली, त्यातले ४ मीटर चालण्या-सायकलीसाठी आणि २ मीटर झाडांसाठी. तुकडे एकमेकांना जोडत गेले. २००७ साली शहराच्या पूर्व भागात ४२ किलोमीटरचे एक पूर्ण वर्तुळ तयार झाले. आज असे जाळे ३०० किलोमीटरहून मोठे आहे.

पुढे २०११ साली मलेशियाकडे जाणारा जुना रेल्वेमार्ग शहरातून उठला. सुमारे २४ किलोमीटरची लांबलचक पट्टी मोकळी झाली. तिचे तुकडे पाडून विकता आले असते. पण रूळ निघण्याआधीच, २०१० साली, तेथील निसर्गप्रेमी संस्थेने ही पट्टी अखंड राखावी असा प्रस्ताव दिला होता. आज तेथे लोक चालतात. वेळेवर मागणी करणे किती महत्त्वाचे असते, हे यावरून दिसते.

सगळे तेथेही सुरळीत नाही. वाट मोठ्या रस्त्याला येऊन मिळते तेथे थांबावे लागते, वळसा घ्यावा लागतो. पण चूक कुठे होते हे कळले, तर आपल्याला ती टाळता येईल.

आपल्याच देशात चंदीगडचे उदाहरण आहे. तेथे शहराची आखणी करतानाच एका पावसाळी ओढ्याचा काठ बागांसाठी मोकळा ठेवला. काही किलोमीटर लांबीचा तो हिरवा पट्टा आजही शहराच्या मधून जातो. ओढा बुजवून त्यावर प्लॉट पाडले नाहीत, एवढेच त्यांनी केले. पण तेच अवघड असते.

आपल्या गावात काय करता येईल?

सिंगापूरइतका पैसा आपल्या नगरपालिकेकडे नाही. पण वाटांचे जाळे आखण्याची रीत शिकायला पैसा लागत नाही. ती अशी :

१) आधी नकाशा. गावाच्या नकाशावर शाळा, दवाखाने, बाजार, एसटी स्टँड आणि बागा यांवर ठिपके द्यावेत. मग ओढे, पाट, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनची पट्टी, बंद पडलेला रेल्वेमार्ग यांच्या रेषा ओढाव्यात. कोणती रेषा जास्तीत जास्त ठिपक्यांजवळून जाते ते पाहावे. वाट नुसती बागेत गोल फिरणारी नको. ती कुठेतरी पोहोचवणारी असली, तर लोक दूध आणायला, शाळेत जायलाही तीच वापरतात आणि व्यायाम आपोआप होतो.

२) वाट अखंड हवी. मध्येच तुटलेल्या दोन किलोमीटरपेक्षा सलग एक किलोमीटर बरा. जेथे रस्ता ओलांडावा लागतो तेथे गतिरोधक, पांढरे पट्टे आणि दिवा हवा. अपघात होण्याची भीती तेथेच जास्त असते.

३) जमीन कोणाची ते पाहावे. खाजगी जमिनीवर आरक्षण टाकून भागत नाही. आपल्या राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार १० वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढील मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण रद्द होते. म्हणून आधी सरकारी पट्टी शोधावी. पाटाची जागा पाटबंधारे खात्याची असते. तेथे खरेदी नको, खात्याची परवानगी आणि लेखी करार हवा.

४) पाण्याची जागा पाण्याला. ओढ्याकाठची वाट मोठ्या पावसात चार दिवस बुडेल, ते चालेल. पण वाटेसाठी भराव टाकून पात्र अरुंद केले, तर पूर घरात येईल.

५) सावली, दिवे आणि बाक. गुडघ्याच्या व हृदयाच्या रुग्णाला दोन-तीनशे मीटरवर बसायला जागा लागते. मधुमेही व वयस्क पुरुषांना वारंवार लघवीला जावे लागते, म्हणून स्वच्छतागृह हवे. दिवे नसतील तर बायका येणार नाहीत, आणि जी वाट बायका वापरत नाहीत ती वाट फसली असे समजावे.

६) देखभाल कोण करणार ते आधीच ठरवावे. नाहीतर वर्षभरात तेथे कचरा साठतो, पाणी तुंबते आणि चालण्याच्या वाटेऐवजी डासांचे घर तयार होते.

हे सर्व आजच का लिहितो आहे? आपल्या गावातून जाणारा जुना पाट आता जमिनीखालच्या नळातून जातो. वरची पट्टी मोकळी पडली आहे. गावाचा विकास आराखडा नव्याने होत आहे आणि त्या पट्टीवर दुकानांचे गाळे काढावेत अशी बोलणी चालू आहेत. मी परवा ती पट्टी पायाने मोजली. पहिल्या पुलापासून कॉलेजपर्यंत सरळ चालीने २६ मिनिटे लागली. वाटेत तीन रस्ते ओलांडावे लागतात, दोन ठिकाणी टपऱ्या आहेत. दोन शाळा आणि सरकारी दवाखाना तिच्या अगदी लगत आहेत. गाळे दुसरीकडेही बांधता येतील. अशी सलग पट्टी गावात दुसरी नाही, आणि एकदा तुटली की ती पुन्हा जोडता येत नाही. गाळेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न मला समजतो. जेथे ही वाट रस्त्याला मिळते तेथे थोडे गाळे जरूर असावेत, त्यामुळे वर्दळही राहील. पण पट्टी अखंड राहिली पाहिजे.

आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या लेखी आणि मुदतीत द्याव्या लागतात. चावडीवर बोलून उपयोग नसतो. अर्जाचा नमुना माझ्या दवाखान्यात ठेवला आहे. पहिली सही गुरुजींची आहे. ते काठी टेकत आले आणि सही करून बाकावर टेकले.

वाट होईपर्यंत मात्र काळजी घ्या. हमरस्त्यावर अंधारात चालू नका. रस्त्यावरून जावेच लागले तर उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चाला आणि फिकट रंगाचे कपडे घाला. कानाला मोबाइल लावून चालू नका. जवळच्या शाळेचे मैदान सकाळी तासभर उघडावे, अशी विनंती मुख्याध्यापकांना करून पाहा. मधुमेहींनी पायात मऊ, बंद बूट घालावेत आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दुखले किंवा दम लागला तर तेथेच थांबावे व डॉक्टरांना दाखवावे.

आणि चालणे बंद करू नका.