कृत्रिम बुद्धिमत्ता : आशा, गाजावाजा आणि जबाबदारी

कोणताही नवा शोध लागला की दोन प्रकारचे लोक मोठ्या आवाजात बोलू लागतात. एकांना त्यात सुवर्णयुग दिसते, दुसऱ्यांना प्रलय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाट्याला हे दोन्ही आवाज भरपूर आले आहेत. यंत्रे सारे रोग बरे करणार असे एक जण सांगतो, तर यंत्रे सर्वांच्या नोकऱ्या खाणार असे दुसरा. आपण कला शाखेचे विद्यार्थी. गणित आणि यंत्रविद्या हे काही आपले विषय नव्हेत. तरीही हा विषय आपल्याला टाळता येणार नाही असे मला वाटते. आज जे यंत्र सर्वाधिक चर्चेत आहे ते भाषा वापरणारे यंत्र आहे, आणि भाषा हा तर आपलाच प्रांत. म्हणून प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करण्याचे योजिले आहे. या यंत्राविषयी आजवर कोणती आश्वासने दिली गेली व ती कितपत खरी ठरली? त्याचा एवढा गाजावाजा का होतो? आणि खरा धोका कोठे आहे?

१. जुनी आश्वासने

हा विषय काल-परवाचा नाही. इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात ‘यंत्रे विचार करू शकतील काय?’ हा प्रश्न मांडला. ‘विचार’ या शब्दाची व्याख्या करणे कठीण, हे जाणून त्यांनी एक खेळ सुचविला. परीक्षकाने न दिसणाऱ्या दोघांना लेखी प्रश्न विचारावेत. त्यांपैकी एक माणूस असेल व एक यंत्र. यंत्र कोणते हे परीक्षकास ओळखता आले नाही, तर यंत्राला विचार करता येतो असे मानण्यास हरकत नसावी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या खेळात गुण यंत्राला मिळतात खरे, पण निकाल परीक्षकाच्या मनात लागतो.

पुढे १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात काही शास्त्रज्ञ जमले. जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्या वर्षी या बैठकीसाठी जो प्रस्ताव लिहिला, त्यातच या शास्त्राचे बारसे झाले. निवडक लोकांनी एक उन्हाळा एकत्र काम केले तर भाषा, संकल्पना व समस्यापूर्ती यांसारख्या प्रश्नांत लक्षणीय प्रगती होईल, असा विश्वास त्यात व्यक्त केला होता. १९५७ साली हर्बर्ट सायमन यांनी भाकीत केले की, दहा वर्षांच्या आत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. १९५८ साली फ्रँक रोझेनब्लाट यांचे ‘पर्सेप्ट्रॉन’ हे शिकणारे यंत्र जाहीर झाले, तेव्हा ते पुढेमागे चालेल, बोलेल, लिहील आणि स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही त्याला होईल, असे वृत्त अमेरिकन वर्तमानपत्रात छापून आले.

यातले किती खरे झाले? ‘डीप ब्लू’ या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह यांना सामन्यात हरविले ते १९९७ साली. म्हणजे दहा वर्षांच्या जागी चाळीस वर्षे लागली. दरम्यान १९७३ मध्ये सर जेम्स लाइटहिल यांनी ब्रिटनमधील संशोधनाचा आढावा घेऊन ही आश्वासने पुरी झालेली नाहीत असा निर्वाळा दिला, आणि तेथील अनुदान आटले.

याचा अर्थ ते शास्त्रज्ञ खोटे बोलत होते असा नव्हे. त्यांची समजूत अशी की, जे माणसाला अवघड तेच यंत्रालाही अवघड असणार. बुद्धिबळ अवघड, ते जमले की बाकीचे सारे ओघाने येईलच. प्रत्यक्षात उलटेच निघाले. आईचा चेहरा ओळखणे, गर्दीतून वाट काढणे, अर्धवट बोललेले वाक्य समजणे या गोष्टी लहान मुलाला सहज येतात. पण त्याच यंत्राला सर्वांत जड गेल्या.

२. यंत्रातली फुलराणी

गाजावाज्याचे मूळ शोधायचे तर एका छोट्याशा प्रयोगाकडे वळावे लागते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एक संभाषण करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘एलायझा’. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील नायिकेवरून घेतलेले होते. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकाचे ‘ती फुलराणी’ हे मराठी रूपांतर केले, त्यामुळे ही एलायझा आपल्याला परकी नाही. फुले विकणारी मुलगी उच्चार शिकते आणि उच्चभ्रू समाज तिला आपल्यातली समजू लागतो, ही त्या नाटकातली गंमत.

वायझेनबाउम यांची एलायझा तर फुलराणीहून फारच अडाणी. ती मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग घेई. समोरच्या वाक्यातला एखादा ठरावीक शब्द हेरायचा आणि ते वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढीच तिची विद्या. ‘मला घरी कोणी समजून घेत नाही’ असे लिहिले की ‘घरच्यांविषयी आणखी सांगा’ अशा धर्तीचे उत्तर यायचे. ओळखीचा शब्द सापडला नाही, तर ‘पुढे बोला’. तरीही लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हा कार्यक्रम तयार होताना पाहिला होता. तरी एलायझाशी बोलताना थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले! काही मानसोपचारतज्ज्ञांनी तर अशा यंत्राकडून रुग्णांवर उपचार करता येतील असे सुचविले. वायझेनबाउम यांना याचा धक्का बसला, आणि १९७६ साली त्यांनी एक संपूर्ण ग्रंथ लिहून बजावले की, काही कामे यंत्राला करता आली तरी ती त्याच्याकडे सोपवू नयेत. नाझी राजवटीमुळे बालवयात जर्मनी सोडावा लागलेल्या माणसाचे हे मत आहे, हे विसरता कामा नये.

या प्रयोगातून मला जे उमगले ते असे : आपल्याशी कोणी नीट वाक्यांत बोलले की त्यामागे मन आहे असे आपण धरून चालतो. आजवर तसा अनुभव माणसाखेरीज कोठे आलाच नव्हता, तेव्हा ही सवय चुकीचीही नव्हती. पण गाजावाज्याला खतपाणी मिळते ते याच सवयीतून.

३. आजचे भाषायंत्र

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि एलायझाची ही नात घरोघरी पोचली. तिची ताकद आजीपेक्षा अफाट आहे, यात शंका नाही. अफाट मजकूर वाचवून तिला एक गोष्ट शिकविलेली असते : आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. पुढे माणसांच्या पसंती-नापसंतीनुसार तिला वळणही लावले जाते. एवढ्या तत्त्वावर ती निबंध लिहिते, भाषांतर करते, गणिते सोडविते. मात्र ‘संभवनीय’ आणि ‘खरे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेथे तिला माहिती नसते तेथेही वाक्य मात्र सफाईदार येते.

न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात हे २०२३ साली दिसून आले. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले दिले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. हे निवाडे खरे आहेत ना, असे वकिलाने त्या यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने होकार दिला होता! न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला, तो अर्थातच वकिलांना व त्यांच्या संस्थेला. मी स्वतः अशाच एका यंत्राला ‘लीळाचरित्रा’वरील अभ्यासग्रंथांची यादी मागितली होती. लेखक, प्रकाशक, साल, सर्व काही व्यवस्थित आले. पण त्यांतील दोन ग्रंथ आमच्या ग्रंथपालांना कोणत्याच सूचीत सापडले नाहीत. ज्या भाषेतला मजकूर यंत्राने कमी वाचला आहे, त्या भाषेत असे होण्याचा संभव अधिक. मराठी वाचकाने हे विशेष लक्षात ठेवावे.

४. खरी आशा कोठे आहे?

एवढ्यावरून हे सारे थोतांड आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रथिनाच्या रेणूची घडी कशी पडते, हा जीवशास्त्रातला पन्नास वर्षांचा जुना प्रश्न. ‘अल्फाफोल्ड’ या कार्यक्रमाने २०२० साली त्यात मोठी झेप घेतली आणि २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अनुमानित रचना जगापुढे ठेवल्या. त्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. येथे यंत्राचे उत्तर प्रयोगशाळेत पडताळून पाहता येते, हे महत्त्वाचे.

दुसरे उदाहरण मधुमेहामुळे होणाऱ्या नेत्रविकाराचे. डोळ्याच्या छायाचित्रावरून हा विकार ओळखणारा गुगलचा कार्यक्रम २०१६ साली प्रसिद्ध झाला. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा त्या संशोधनात सहभाग होता. निकाल तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोडीचे होते. पण हाच कार्यक्रम थायलंडमधील दवाखान्यांत नेला तेव्हा काय झाले? खोलीतला उजेड पुरेसा नसल्याने छायाचित्रे अंधुक येत, आणि एक पंचमांशाहून अधिक छायाचित्रे यंत्राने तपासण्यायोग्य नाहीत म्हणून नाकारली. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतले यश आणि खेड्यातल्या दवाखान्यातले यश यांत एवढे अंतर असते. जेफ्री हिंटन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने २०१६ मध्ये सांगितले होते की, क्ष-किरणतज्ज्ञ तयार करणे आता थांबवावे. क्ष-किरणतज्ज्ञ आजही आहेत आणि हवेच आहेत. नोकऱ्यांविषयीची भाकिते ऐकताना हा दाखला उपयोगी पडावा.

५. जाब कोणाला विचारायचा?

आता धोक्याकडे वळू. यंत्रे माणसावर राज्य करतील ही भीती चित्रपटांनी पुष्कळ रंगविली आहे. मला मात्र घडून गेलेली एक साधी, कार्यालयीन गोष्ट अधिक भयंकर वाटते. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. कोणत्या अर्जात लबाडी असू शकेल हे ठरविण्यासाठी तेथील कर खात्याने एक शिकणारा संगणक-कार्यक्रम वापरला. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यातला एक निकष होता. कार्यक्रम प्रत्येक अर्जाला जोखमीचा आकडा देई. पण तो आकडा का पडला, हे कारकुनालाही समजत नसे. हजारो निरपराध पालक लबाड ठरले. कायदाही कठोर, किरकोळ त्रुटीसाठी संपूर्ण रक्कम परत मागण्यात आली. कुटुंबे कर्जात बुडाली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

या प्रकरणात यंत्र ‘बुद्धिमान’ होते काय, हा प्रश्न गौण आहे. कायदा माणसांनी केला होता, निकष माणसांनीच घातले होते. पण पालक ‘माझे काय चुकले?’ असे विचारत, तेव्हा उत्तर द्यायला कोणी नव्हते. यंत्राचा आकडा ही प्रत्येकाची ढाल झाली. बनावट ध्वनिफिती, हुबेहूब खोटी चित्रे हेही धोके आहेतच. पण त्यांच्याही मुळाशी हाच प्रश्न आहे, की केलेल्या गोष्टीचा धनी कोण?

६. आपण काय करावे?

आपल्यापुरते बोलायचे तर मराठीला या यंत्रांची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘सुवास’ हा भाषांतराचा कार्यक्रम सुरू केला, त्यात मराठीचा समावेश आहे. आपल्या आजोबांना स्वतःच्या दाव्याचा निकाल मायबोलीत वाचता येणार असेल, तर त्याला कोण विरोध करील? मात्र इंग्रजी न्यायालयीन भाषेत ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील दाखल करण्यास परवानगी. तेथे ‘रजा मंजूर’ असे होऊ नये म्हणून कायदा आणि मराठी दोन्ही जाणणारा माणूस हवाच. हे काम कला शाखेचे आहे.

महाविद्यालयातील निबंधांचा प्रश्नही याच कसोटीवर तपासावा असे मी सुचवितो. यंत्राची मदत घेतली तर ती सांगावी. प्रत्येक दाखला ग्रंथालयात जाऊन पाहावा. आणि लिहिलेल्या प्रत्येक वाक्याविषयी प्राध्यापकांनी विचारल्यास तोंडी उत्तर देण्याची तयारी असावी. ज्याला ते देता येते, तो निबंध त्याचा.

कृत्रिम बुद्धिमत्ता हवी की नको, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ती आलीच आहे. शाळेतला दाखला असो, रुग्णालयातले निदान असो वा कचेरीतला हुकूम असो, यंत्राने मसुदा अवश्य करावा. पण त्याखाली ज्याला जाब विचारता येईल अशा माणसाची सही असावी, आणि सही करण्यापूर्वी त्याने कागद वाचलेला असावा, एवढा आग्रह आपल्याला धरता येईल.