शिकविण्याची बुद्धी

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-६, ३५:३०-३५

आपल्या मंडळ्यांतील तरुण आज एक प्रश्न घेऊन पाळकांकडे व वडीलधाऱ्यांकडे येतात : जे काम शिकण्यात आमची वर्षे गेली, ते संगणक क्षणार्धात करू लागला, आता आम्ही काय करावे? टंकलेखन, हिशेब, भाषांतर अशी कामे यंत्राकडे जात असताना हा प्रश्न केवळ पोटापाण्याचा राहत नाही. माझ्या श्रमाला देवापुढे काही मोल आहे काय, हेही त्यात विचारलेले असते. म्हणून तो शास्त्राच्या प्रकाशात पाहिला पाहिजे.

१. विटांपासून निवासमंडपापर्यंत

मिसरात इस्राएल लोकांचे काम ठरलेले होते : चिखल तुडवावा, विटा पाडाव्या. फारोला त्यांच्या बुद्धीशी कर्तव्य नव्हते, विटांच्या संख्येशी होते. गवत देणे बंद केले तरी संख्या तीच ठेवण्यात आली (निर्गम ५:७, ८). पुढे रानात त्याच लोकांपुढे सर्वस्वी नवे काम आले : सोन्यारुप्याचे, रत्ने कोरण्याचे, लाकडाचे, कशिद्याचे. त्यासाठी परमेश्वराने यहूदा वंशातील बसालेल याला नाव घेऊन बोलाविले व आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले. बसालेल संदेष्टा किंवा याजक नव्हता. तो कारागीर होता. हाताचे कौशल्य हेही आत्म्याचे दान आहे, असे हा शास्त्रभाग शिकवितो.

मात्र या दोन उताऱ्यांच्या मध्ये बत्तिसावा अध्याय आहे, हे विसरू नये. सोन्याला आकार देण्याच्या कलेनेच वासरूही घडविले गेले. म्हणून नवे ज्ञान हाती आले म्हणजे ते कोणाच्या सेवेस लागत आहे, हे आधी विचारावे.

२. दुर्लक्षित राहिलेले वचन

बसालेलाच्या कौशल्यावर आपण प्रवचने ऐकतो; परंतु ३५:३४ कडे फारसे लक्ष जात नाही. बसालेल आणि दान वंशातील अहलियाब यांच्या मनात इतरांना शिकविण्याची बुद्धीही परमेश्वराने घातली, असे तेथे सांगितले आहे. धंद्यातील खुबी लपवून ठेवण्याकडे मनुष्याचा कल असतो. येथे मात्र ती वाटून देणे हा पाचारणाचाच भाग आहे. फारोने विटा मोजल्या. परमेश्वराने शिक्षक नेमले.

३. केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून अनाथ मुली व विधवा केडगावला आणल्या. समाजाने ज्यांना ओझे मानले, त्यांना रमाबाईंनी लिहिणे-वाचणे, विणकाम आणि छापखान्याचे काम शिकविले. रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले.

हाताने खिळे जुळविण्याचा तो धंदा आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. मग ते शिक्षण व्यर्थ गेले काय? नाही. साधन गेले, पण "तुला शिकता येते" हा त्या स्त्रियांना मिळालेला विश्वास कोणत्याही यंत्राने हिरावून घेतला नाही.

४. मसुदा आणि जबाबदारी

आता पवित्र शास्त्राच्या भाषांतरातही संगणक पहिला मसुदा पुढे ठेवू शकतो. त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु एक उदाहरण पाहू. मार्क ४:३८ मध्ये वादळात सापडलेले शिष्य प्रभूला जागे करून आपल्या नाशाविषयी बोलतात. तेथील ग्रीक क्रियापदात "आम्ही" व "आपण" असा भेद नाही. मराठीत तो करावाच लागतो. "आम्ही" म्हटल्यास प्रभू त्या धोक्याबाहेर राहतो. "आपण" म्हटल्यास शिष्य त्याला आपल्यासोबत त्याच मचव्यात बुडणारा समजत आहेत, असा अर्थ होतो. यंत्र यांपैकी एक शब्द देईल. पण तो शब्द उपासनेत वाचला जाईल, तेव्हा त्याबद्दल देवापुढे व मंडळीपुढे जाब देणारे माणूसच लागेल.

अशी पात्रता कशी येते? मसुदे लिहून, चुकून, आणि अनुभवी माणसांकडून ते सुधारून घेऊन येते. खरी चिंता हीच आहे. नवशिक्यांचे काम यंत्राने घेतले, तर उद्याचे जाणते कोठे तयार होतील? हे केवळ भाषांतराचे नाही. कचेरी, कारखाना, रुग्णालय, सर्वत्र हाच प्रश्न उभा राहील. तेव्हा पूर्वी कामाच्या ओघात जे शिकणे होत असे, ते आता हेतुपुरस्सर शिकवावे लागेल. ज्या विश्वासणाऱ्यांना परमेश्वराने कौशल्य दिले आहे, त्यांनी आपल्याजवळ एखाद्या तरुणाला बसवावे. ज्याचे काम गेले, त्याला मंडळीने केवळ धीराचे शब्द देऊ नयेत, पुन्हा शिकण्याची संधी द्यावी. बसालेलाला मिळालेली बुद्धी एकट्यासाठी नव्हती. आपल्याला मिळालेलीही नाही.

मननासाठी प्रश्न

१. परमेश्वराने मला कोणते कौशल्य दिले आहे, आणि ते मी कोणाला शिकवीत आहे?

२. आपल्या मंडळीत कोणाचे काम नुकतेच गेले आहे? त्याच्यासाठी आपण काय केले?

३. माझ्या हाताखालील माणसांकडे मी फारोप्रमाणे पाहतो की बसालेलाप्रमाणे?