सातपुड्यात मुक्काम करण्याआधी पाणी पाहा

नंदुरबार जिल्ह्यात भटकायला निघणारे बहुतेक जण डासांचा धोका एकाच मापाने मोजतात: जिथे जास्त चावतात, तिथे जास्त धोका. हे माप फसवं आहे. भारतात डासांच्या चारशेच्या आसपास जाती आहेत. हिवताप पसरवू शकणाऱ्या ॲनॉफिलीस गटातल्या साठच्या घरात, आणि त्यांतही माणसाच्या जिवावर उठणाऱ्या मोजक्याच. कोणती जात कुठे भेटेल, हे ती कोणत्या पाण्यात अंडी घालते यावर ठरतं. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना कानाशी गुणगुण किती होते यापेक्षा जवळपास पाणी कसं आहे, हे आधी पाहावं.

नंदुरबार, शहाद्यासारख्या गावांत लॉजवर रात्री झोप मोडणारा डास बहुधा गटारात वाढलेला क्युलेक्स असतो. तिथे खरी काळजी घ्यायची ती दिवसा चावणाऱ्या एडिसची. डेंग्यू पसरवणारा हा डास कूलर, टाक्या, जुने टायर यांतल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. तापीकाठच्या सपाटीवर पाटचाऱ्या आणि उन्हातली स्वच्छ डबकी हे ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीसचं आवडतं ठिकाण, तर नवापूरकडे असतात तशी भातखाचरं क्युलेक्स विष्णुई गटाला मानवतात. मात्र अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरांत शिरलं की चित्र बदलतं. काठाला गवत असलेला, दगडांमधून संथ वाहणारा नितळ ओढा ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिसला हवा असतो, आणि तंबू ठोकायला आपल्यालाही नेमकी तीच जागा आवडते. अशा ओढ्याच्या कडेला वाकून पाहावं. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी पडलेली अळी दिसली तर ती ॲनॉफिलीसची. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते. आडव्या अळ्या दिसल्या तर मुक्काम तिथून जमेल तितका दूर, वाऱ्यावरच्या मोकळ्या जागी हलवावा. डास उडत येऊ शकतो, त्यामुळे अंतर वाढवलं तरी मच्छरदाणी लागतेच.

यावर पहिला आक्षेप उंचीचा येतो. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर, अस्तंबा १,३२५ मीटर. एवढ्या थंड हवेत कसला हिवताप? पण याहून उंच प्रदेशांतही हिवताप पसरतो. हिवाळ्यातल्या कडक थंडीत धोका घटतो, एवढंच खरं. दुसरा आक्षेप असा की डास पावसाळ्याचे, म्हणून दिवाळीनंतर निर्धास्त जावं. हा समज जास्त घातक आहे. भर पावसात ओढ्याचा लोंढा अळ्या वाहून नेतो. पाऊस ओसरून धार बारीक झाली, दगडांत पाणी थबकलं, की त्यांना निवांत जागा मिळते. दिवाळीतली अस्तंबा यात्रा आणि ट्रेकचे सुरुवातीचे आठवडे नेमके याच काळात येतात. तिसरा आक्षेप पाड्यांवरच्या लोकांकडे बोट दाखवतो: ते उघड्यावर झोपतात, त्यांना काही होत नाही. होतं. वारंवार हिवताप झालेल्या मोठ्या माणसांत थोडीफार प्रतिकारशक्ती येते, पण त्यांच्या लहान मुलांना ती नसते आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यालाही नसते.

तेव्हा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी पाठपिशवीत हवीच. ॲनॉफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून सूर्यास्ताआधी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि उघड्या अंगाला डीट किंवा इकॅरिडिन असलेलं मलम चोपडावं. शेकोटीच्या धुरावर विसंबू नये. वारा फिरला की त्याचा उपयोग संपतो. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. घरी परतल्यावरही सावध राहावं: फॅल्सिपेरम हिवताप चावल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी उफाळतो, व्हायव्हॅक्स तर कधी काही महिन्यांनी. ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि सातपुड्यात मुक्काम केला होता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.