उत्पादन-आदेश आणि साठ्याचा हिशेब

कारखान्यात यंत्रे सज्ज आहेत, कामगार हजर आहेत. परंतु अवघे आठ बोल्ट कमी पडल्यामुळे पूर्ण होत आलेला पंप तसाच पडून आहे, हा प्रसंग लघुउद्योजकांना अपरिचित नाही. अशा वेळी ग्राहकास माल वेळेवर मिळत नाही आणि कच्च्या मालात गुंतविलेले भांडवल अडकून राहते. हे टाळण्यासाठी साठा-व्यवस्थापनाच्या संगणकप्रणालीत उत्पादन-आदेशाची, म्हणजेच वर्क ऑर्डरची, सोय केलेली असते.

कोणती वस्तू, किती नग आणि केव्हापर्यंत तयार करावयाची, हे या आदेशात नमूद असते. त्यास साहित्यसूची जोडलेली असते. समजा, १०० पंपांचा आदेश आहे आणि प्रत्येक पंपास ८ बोल्ट लागतात. एकूण गरज ८०० बोल्टांची झाली. गोदामात ५०० बोल्ट आहेत. मात्र त्यांपैकी २०० दुसऱ्या आदेशासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे उपलब्ध बोल्ट ३००च असून, उरलेल्या ५०० बोल्टांची तरतूद काम सुरू होण्यापूर्वीच करावयास हवी. गरजेचा असा हिशेब संगणकाद्वारे मांडण्याची पद्धती जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विशद केली.

मुंबईत विकसित झालेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या प्रणालीत आदेशाची अंमलबजावणी दोन प्रमुख नोंदींनी होते. पहिल्या नोंदीने साहित्य गोदामातून कामाच्या जागी वर्ग केले जाते. दुसऱ्या नोंदीने तयार माल साठ्यात जमा होतो आणि वापरलेले साहित्य वजा होते. काम टप्प्याटप्प्याने झाल्यास जेवढे नग तयार झाले तेवढेच जमा दाखवावेत. उरलेल्या नगांसाठी आदेश खुला ठेवावा.

प्रणालीची खरी कसोटी येथेच लागते. जोडणी करताना ८ बोल्टांचे आटे गेले आणि बदली बोल्ट नोंद न करताच गोदामातून उचलले, तर संगणकावरील आकडा तसाच राहतो. गोदाम मात्र तेवढे रिते होते. त्या आकड्यावर विसंबून काढलेल्या पुढील आदेशातील एक पंप मग पुन्हा अपुरा राहतो.

म्हणून जादा वापर, बाद झालेले साहित्य आणि गोदामात परत आलेले साहित्य यांची नोंद त्याच दिवशी करावी व ठराविक काळाने प्रत्यक्ष मोजणी करून साठा ताडून पाहावा. संगणक हिशेब अचूक करतो. पण त्यास दिलेली माहिती खरी असण्याची जबाबदारी अखेर माणसाचीच असते.