धम्म-अभ्यास : रुग्णाचा पेला वेगळा ठेवू नका



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह निवासांची पाहणी करीत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे त्यांनी विचारले. मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी करीत नाही, असे तो म्हणाला. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून धरून त्याला खाटेवर निजविले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आठव्या खंडात बुद्धांच्या रुग्णांविषयीच्या कळवळ्यावर स्वतंत्र भाग लिहिला आहे.

त्या भिक्खूचे उत्तर पुन्हा एकदा वाचा. आपल्या दौंड-शिरूरकडील घरांतही कॅन्सर झालेला माणूस मनातल्या मनात हेच म्हणत असतो. काल रेल्वेत, कारखान्यात नाहीतर उसाच्या फडात राबणारा माणूस आज घरावर भार झालो असे समजतो. गाठीच्या दुखण्याइतकेच हे दुखणेही मोठे आहे, आणि त्यावर औषध डॉक्टरांकडे थोडे, तुमच्याकडे जास्त आहे.

पहिली गोष्ट. कॅन्सर शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने, लेकराला मांडीवर घेतल्याने तो दुसऱ्याला लागत नाही. तरीही पुष्कळ घरांत रुग्णाचे ताट-पेला गुपचूप वेगळा होतो. वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगावयास हवे काय? १९२७ साली महाडच्या तळ्यावर आपली माणसे कशासाठी गेली होती? तोच पेला आपल्याच आईपुढे आपण ठेवावा, हे बौद्ध घराला शोभत नाही. केमोथेरपीचे औषध दिल्यावर दोन-तीन दिवस मलमूत्र वा ओकारी साफ करताना हातमोजे घालावेत, हे खरे. पण ती औषधाची काळजी आहे, माणसाचा विटाळ नव्हे.

दुसरी गोष्ट कर्माची. "मागच्या जन्मीचे भोग" असे शेजारीण सहज बोलून जाते आणि रुग्ण रात्रभर जागा राहतो. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न विचारला आहे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड अशी अनेक कारणे सांगून, सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात हे म्हणणे चूक आहे असे भगवंतांनी त्याला स्पष्ट सांगितले. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण तंबाखू आणि मिश्री आहे. म्हणजे घरातली मिश्रीची डबी आजच बाहेर टाका. पण ज्याला रोग झाला त्याला तिच्यावरून टोचून बोलू नका. आणि अंगारा-धुपाऱ्यात दोन महिने घालवू नका. दीक्षेच्या दिवशी सोडलेले देवऋषी दुखण्याच्या मागच्या दाराने परत येतात; तेवढ्यात गाठ वाढते.

सेवा करणाऱ्याचे पाच गुण त्याच महावग्गात आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-थुंकी-ओकारीची किळस नसावी, आणि वेळ पाहून धम्माच्या गोष्टी बोलून रुग्णाचे मन उल्हसित करावे. शेवटच्या गुणातले 'वेळ पाहून' हे शब्द विसरू नका. केमोनंतर मळमळते, फोडणीचा वाससुद्धा सोसत नाही. तेव्हा वीस जणांनी खाटेभोवती बसून उपदेश करू नये. शिवाय त्या दिवसांत शरीराची प्रतिकारशक्ती घटते. सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच जयभीम करावा. केस गेलेल्या बाईला "पुन्हा येतील" एवढे सांगा, आणि तिच्याजवळ गप्प बसता आले तर तेही करा. चांगल्या रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत. त्यांतला एक असा की, दुखणे वाढले तर वाढले, उतरले तर उतरले, हे त्याने खरेखरे सांगावे. पण घरच्यांनी रोगाचे नावच लपविले तर तो खरे कोणाला सांगणार? नाव कळू द्या. विचारील तेवढे सांगा.

आता विहाराचे काम. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालते. दौंडहून पुण्यापर्यंत रोज कोणी सोबत जायचे? ज्याची मजुरी बुडते त्याच एकट्याने का? जयंतीला वर्गणी आणि पाळ्या लावणारे आपले मंडळ येथेही पाळ्या लावू शकते : सोमवारी एक, मंगळवारी दुसरा, एका घराने लेकरांना जेवू घालावे, दुसऱ्याने गुरे पाहावीत. शिकलेल्या तरुणाने कागद पाहावेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सररुग्णाला, रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातील दाखला दाखविल्यास, रेल्वेच्या स्लीपर वर्गात पूर्ण आणि दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. सोबत्याला दोन्हींत ७५ टक्के. हा दाखला मागायचा असतो, हेच अनेकांना माहीत नसते.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे जाणाऱ्या गरिबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबा गेले. त्यांच्या नावाची सावली अजून आपल्या माणसांवर आहे.

काही वेळा डॉक्टर सांगतात की आता रोग हटणार नाही. तेव्हा "घरी न्या" एवढेच ऐकून परतू नका. वेदना कमी करणे हाही उपचारच आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक केंद्र १९९७ पासून कॅन्सररुग्णांची विनामूल्य सेवा करते. घरचा माणूस तेथे रुग्णाजवळ राहू शकतो, आणि जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, औषध किती वेळाने द्यायचे हे त्याला शिकवितात. जाताना उपचाराची सारी कागदपत्रे एका पिशवीत घालून न्या.