कॉनकॉलनंतरचे साहेब

प्रश्न : मी एका सरकारी बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. आमचे सध्याचे मॅनेजर पूर्वी याच शाखेत कर्ज विभाग बघायचे. तेव्हा त्यांच्यासारखा माणूस नव्हता. कर्जाची फाइल कशी वाचायची हे मी त्यांच्याकडूनच शिकले. मॅनेजर होऊन परत आले तेव्हापासून ओळखू येत नाहीत. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर झापतात, रात्री अकराला ग्रुपवर आकडे मागतात, आणि रिजनल ऑफिसचा फोन आला की 'येस सर'पलीकडे शब्द फुटत नाही. चांगला माणूस खुर्चीवर बसला की असा का होतो, याचं मला खरंच कुतूहल आहे. आणि आम्ही करायचं काय? घरचे म्हणतात, सरकारी नोकरी आहे, दुर्लक्ष कर. शिवाय साहेबांच्या वाढदिवसाला वर्गणी काढतात, ती द्यावी का?
— एक वाचक, सातारा (नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

उत्तर : वर्गणीचं आधी उरकून टाकू. द्या. केक सगळ्या शाखेच्या पोटात जातो, साहेबांचं त्यावर फक्त नाव असतं. शंभर रुपये वाचवून 'ही साहेबांच्या विरोधातली' असा शिक्का मारून घेण्यात काही राम नाही.

आता कुतूहलाचं. लॉरेन्स पीटर नावाच्या एका शिक्षणतज्ज्ञाने रेमंड हल यांच्या साथीने १९६९ मध्ये एक खुसखुशीत पुस्तक लिहिलं. त्यातलं म्हणणं असं, की माणूस आत्ताचं काम चांगलं करतो म्हणून त्याला वर चढवतात, तिथेही जमलं तर आणखी वर, आणि जिथे काम जमेनासं होतं तिथे तो अडकतो आणि तिथेच राहतो. पुस्तक थट्टेचं होतं, पण कार्यालयांत काम करणाऱ्यांना ते भलतंच खरं वाटलं. पुढे तीन अर्थतज्ज्ञांनी अनेक अमेरिकन कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली. त्यांचा शोधनिबंध २०१९ मध्ये छापून आला. ज्यांची विक्री जास्त, त्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त, हे अपेक्षितच होतं. पण हेच तारे वरिष्ठ झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी घसरलेली दिसली. तुमच्या साहेबांना कर्जाची फाइल वाचता येते म्हणून शाखा दिली गेली. माणसं सांभाळायला त्यांना कोणी शिकवलं असेल असं तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.

दुसरं कारण तुम्ही स्वतःच लिहून गेला आहात, ते 'येस सर'. संध्याकाळी शटर अर्धं खाली येतं आणि रिजनल ऑफिसचा कॉनकॉल सुरू होतो. एकेका शाखेचं नाव पुकारलं जातं. आज किती खाती उघडली, किती पॉलिसी गेल्या, थकलेल्या कर्जांतली वसुली किती. बाकीच्या शाखांचे मॅनेजर लाइनवर ऐकत असतात आणि आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतात. ज्यांचा आकडा कमी त्यांची त्या सगळ्यांच्या कानांदेखत हजेरी घेतली जाते. फोन ठेवून हा माणूस केबिनबाहेर येतो तेव्हा समोर पहिलं टेबल तुमचं असतं. वड्याचं तेल वांग्यावर निघतं. २०२३ मध्ये कोलकात्यातल्या एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याची ऑनलाइन बैठकीत हाताखालच्यांवर ओरडतानाची चित्रफीत देशभर फिरली आणि त्याला निलंबित करण्यात आलं. एकाला निलंबित केल्याने टार्गेटं कमी झाली नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कारण समजलं म्हणून काउंटरवरचा पाणउतारा कमी झोंबतो असं नाही. मात्र एक फायदा होतो. साहेबांच्या स्वभावाकडे बघत बसण्याऐवजी त्यांना भीती कशाची आहे ते बघता येतं. बहुतेक मॅनेजरांची भीती एकच असते, वरून विचारणा झाली आणि आपल्याला माहीतच नाही! म्हणून वाईट बातमी तुमच्याकडून आधी गेली पाहिजे. एखादं खातं थकणार असं दिसत असेल, तर कॉनकॉलच्या आधी, दुपारी चहाच्या सुमारास केबिनमध्ये जाऊन दोन वाक्यांत सांगा आणि तिसऱ्या वाक्यात तुम्ही काय करताय ते सांगा. कॉनकॉल संपल्यावर पहिला अर्धा तास मात्र केबिनच्या वाटेला जाऊ नका. रजेचा अर्ज तर नाहीच नाही.

तोंडी हुकुमांचा घोळ हा दुसरा त्रास. सकाळी सांगायचं फाइल ठेव बाजूला, संध्याकाळी विचारायचं फाइल का झाली नाही. यावर बँकेच्याच मेलवर दोन ओळी पुरतात : 'सर, सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे आज आधी थकबाकीची यादी पूर्ण करते. नव्या कर्जाची फाइल उद्या दुपारपर्यंत देते.' त्यात 'नोंदीसाठी' वगैरे लिहू नका, सूर तक्रारीचा नको, आणि त्यांच्या वरच्यांना प्रत तर अजिबात नको. साहेबांना राग येणार नाही, कारण त्यात राग येण्यासारखं काही नाही. रात्री अकराच्या मेसेजलाही हेच. 'आकडे सकाळी साडेनऊला देते' एवढं लिहून फोन उशापासून लांब ठेवा आणि साडेनऊला आकडे खरंच द्या. वेळ न चुकता काही आठवडे पाळलीत तर रात्रीचे मेसेज बऱ्याचदा आपोआप कमी होतात. निदान तुमच्या नावाने येणारे.

काउंटरवरच्या झापण्याबद्दल मात्र बोलावं लागेल, आणि तेही त्याच दिवशी नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी, एकटे असताना. 'तुम्ही नेहमीच असं करता' या वाक्याने सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच संपलं. कालचा एकच प्रसंग घ्या : 'सर, काल एन्ट्री चुकली ती माझी चूक, दुरुस्त केली आहे. पण ठेवीदारांसमोर बोललात, तर उद्या ते माझ्याकडे ठेव ठेवायला कचरतील.' ठेवीचं नाव काढलं की मॅनेजरचे कान उभे राहतात. तुमचा मान राहावा म्हणून ते थांबतील की ठेवी जाऊ नयेत म्हणून, याच्याशी तुम्हाला काय करायचंय? थांबल्याशी कारण.

'दुर्लक्ष कर' हा घरच्यांचा सल्ला मला फारसा पटत नाही. लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा एक दीर्घ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात लोकांना अगदी साधे प्रश्न विचारले होते. साहेब विनाकारण टीका करतात का, तुमचं म्हणणं ऐकून घेतात का, कधी कौतुक करतात का. ज्या पुरुष कर्मचाऱ्यांना वरिष्ठांकडून न्यायाने वागवलं जातंय असं वाटत होतं, त्यांच्यात पुढे हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं. त्या विश्लेषणात स्त्रिया नव्हत्या, पण म्हणून तुम्ही निश्चिंत राहावं असंही नाही. रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागत असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जा.

कडक साहेब आणि छळणारा साहेब यांत गल्लत करू नका. कडक माणूस कामावर बोलतो आणि सगळ्यांनाच बोलतो. छळणारा एखाद्यालाच धरतो, घरच्या गोष्टी काढतो, नाहीतर काहीच काम न देता कोपऱ्यात बसवून ठेवतो. जपानने अशा वागण्यावर कायदाच केला. २०२० पासून मोठ्या आणि २०२२ पासून लहान कंपन्यांनाही तो लागू आहे, आणि त्यात मुद्दाम काम न देणंही छळात धरलेलं आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. वागण्यात लैंगिक छळाचा भाग असेल तर मात्र २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण तुमच्या टेबलाशेजारच्या एखादीला हे माहीत नसेल.

मग राहते सीआरची, म्हणजे गोपनीय अहवालाची धास्ती. 'साहेबांशी वाकडं घेतलं तर सीआर खराब करतील' या एका वाक्यावर कित्येक कार्यालयं गप्प बसलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात म्हटलं, की गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवला गेलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर आपलं म्हणणं मांडता येईल. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा शेरा आला की वाचा, पटला नाही तर मुदतीत लेखी हरकत घ्या. इथे तुमच्या त्या दोन-दोन ओळींच्या मेल कामाला येतील.

इतकं करूनही काही हललं नाही तर? सरकारी बँकेत एक सोय आहे, मॅनेजरची खुर्ची साधारण तीनेक वर्षांनी बदलते. तुमचे साहेब येऊन दोन वर्षं झाली असतील तर दिवस मोजणं हाही एक उपाय आहे, आणि त्यात कमीपणा नाही. नुकतेच आले असतील तर स्वतःच्या बदलीचा अर्ज करा. त्यात मुलांची शाळा लिहा, सासूबाईंचं आजारपण लिहा, जे खरं असेल ते लिहा. साहेबांबद्दल चकार शब्द नको. अर्ज 'थ्रू प्रॉपर चॅनेल' जातो, म्हणजे पहिली सही त्यांचीच.